‘हार्ड डिस्क, 4 टीबी, नग 1’: खरेदी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातली रुग्णालयं, महाविद्यालयं, पतसंस्था आणि नगरपालिका यांच्या खरेदी समित्यांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी चौदा वर्षं सर्व्हर आणि स्टोरेज सांभाळते आहे. हे पत्र मागणीपत्रातल्या एका ओळीबद्दल आहे. ओळ साधारण अशी असते: ‘हार्ड डिस्क, 4 टीबी, नग 1’. (टीबी म्हणजे टेराबाइट, डिस्कमध्ये किती डेटा मावतो त्याचं माप.)

ही ओळ आपल्यापुढे येते तेव्हा सोबत तीन कोटेशन आणि एक तुलनात्मक तक्ता असतो. एक कोटेशन स्टोरेज बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याचं, बाकीची दोन बाजारातली. क्षमता तिन्हीकडे तीच, दरात मात्र पाचपट फरक. आपण सर्वांत कमी दरावर सही करता. लेखापरीक्षणात त्यावर कुणी बोट ठेवत नाही. उलट चढ्या दराची डिस्क घेतली असती तरच खुलासा द्यावा लागला असता. आपली ही अडचण मला पुरती कळते. आमच्यासारख्या रुग्णालयाला 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. त्या खाटांवरच्या माणसाच्या औषधाचे पैसे आणि माझ्या डिस्कचे पैसे एकाच तिजोरीतून निघतात. म्हणून इतकी वर्षं मी या ओळीबद्दल काही बोलले नाही. आमच्याकडे जे घडलं त्यानंतर मात्र गप्प राहणं मला शक्य नाही.

आमचं पॅक्सचं स्टोरेज, म्हणजे एक्स-रे, सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा जिथे साठतात ते, आठ डिस्कचं होतं. प्रत्येक डिस्क 4 टीबी, रचना रेड-5. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकमेकींना सावरतील अशा ठेवण्याची पद्धत. या रचनेत एक डिस्क गेली तरी उरलेल्या सात डिस्कवरून तिच्यातला डेटा हिशेबाने परत काढता येतो. मात्र तो पुरता निघायच्या आत दुसरी गेली तर सगळंच गेलं. एका शुक्रवारी दुपारी सहा नंबरच्या डिस्कचा दिवा केशरी झाला. वॉरंटी संपून आठ महिने झाले होते आणि एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, प्रस्ताव ‘पुढील बैठकीत’ होता. कंपनीची डिस्क 46,000 रुपयांना, यायला नऊ दिवस. बाजारातली 9,200 रुपयांना, उद्याच्या उद्या. शनिवारी डिस्क आली: घरगुती संगणकासाठी बनवलेली, नवी, सीलबंद. ती खाचेत सरकवल्यावर पडद्यावर इशारा आला, की ही डिस्क प्रमाणित यादीत नाही. खाली ‘पुढे जा’ असं बटण होतं. ते मी दाबलं. ते दाबण्याआधी संपूर्ण बॅकअप घ्यायला हवा होता, तोही मी घेतला नाही, कारण तेवढा डेटा ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती. या दोन्ही गोष्टींची जबाबदारी माझी आहे.

तीन वर्षांपूर्वी याच स्टोरेजमधली दुसरी एक डिस्क बदलली होती, तेव्हा रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा भरण्याचं काम, पंधरा तासांत झालं होतं. या वेळी सुरुवातीला वेग चांगला होता, मग तो घसरत गेला. रविवारी रात्री 22 टक्के. मंगळवारी सकाळी पन्नासच्या आसपास. बुधवारी पहाटे नव्या डिस्कने उत्तर देणंच थांबवलं आणि कंट्रोलरने, म्हणजे सगळ्या डिस्क चालवणाऱ्या स्टोरेजमधल्या भागाने, तिला बाद करून टाकलं. आम्ही ती काढून पुन्हा बसवली. रीबिल्ड शून्यापासून सुरू झालं. त्या सगळ्या दिवसांत जुन्या सात डिस्क एका दमात वाचल्या जात होत्या आणि वर रुग्णालयाचं रोजचं कामही करत होत्या. शुक्रवारी रात्री दोन नंबरची डिस्क गेली.

टेपवरची शेवटची पूर्ण प्रत 23 दिवसांपूर्वीची होती. सीटी मशीनच्या कन्सोलवर शेवटच्या नऊ दिवसांच्या प्रतिमा सापडल्या, त्या अजून पुसल्या गेल्या नव्हत्या म्हणून. मधल्या चौदा दिवसांचं काहीही मिळालं नाही. डेटा रिकव्हरीवाल्यांना जे पैसे द्यावे लागले त्यात कंपनीच्या डिस्कचा अख्खा संच आला असता, आणि त्यांच्याही हाती फार काही लागलं नाही.

तीन महिन्यांनी एक आजोबा आले. फुप्फुसात छोटी गाठ होती आणि ती वाढते आहे का, एवढंच बघायचं होतं. त्यांचा आधीचा सीटी त्या चौदा दिवसांतला होता. त्यांनी छापील फिल्म जपून आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पण फिल्मवर मोजके काप असतात. गाठीतला मिलिमीटरचा फरक ताडायला पूर्ण मालिका पडद्यावर लागते. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी त्यांना सांगितलं, की आजचा सीटी हाच आता पहिला धरायचा आणि पुन्हा तीन महिन्यांनी यायचं. आजोबांनी मान हलवली. त्यांनी कुणालाही दोष दिला नाही, आणि ते मला अजून विसरता येत नाही.

आता आपल्या लक्षात आणून द्यायची मुख्य गोष्ट. ती डिस्क खराब नव्हती. नंतर मी तिची दोन दिवस सलग चाचणी घेतली, एकही दोष निघाला नाही. आज ती आमच्या भांडार विभागाच्या संगणकात व्यवस्थित चालते आहे. विक्रेत्याने फसवलं नव्हतं, आपण मागितलं तेच त्याने दिलं. ‘हार्ड डिस्क, 4 टीबी’ या शब्दांत ती बसत होती. आमच्या कामात बसत नव्हती.

का बसत नव्हती, ते कौलारू घरावरून सांगते. डिस्कच्या चकतीवर डेटा बारीक वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिलेला असतो. नेहमीच्या डिस्कमध्ये, म्हणजे सीएमआरमध्ये, या पट्ट्या एकमेकींशेजारी सुट्या असतात. त्याच चकतीवर जास्त डेटा मावावा म्हणून काही डिस्कमध्ये पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, छपरावरच्या कौलांसारख्या. ही एसएमआर. ज्याने पावसाळ्याआधी घर शाकारलंय त्याला माहीत आहे, की मधलं एक फुटकं कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात आणि मग ती ओळीने परत बसवावी लागतात. एसएमआर डिस्कही मधली एक पट्टी बदलताना तिच्यापुढच्या कितीतरी पट्ट्या नव्याने लिहिते. हे आपल्याला जाणवू नये म्हणून ती आलेला डेटा आधी एका छोट्या साध्या पट्ट्यात टाकते आणि फुरसत मिळाली की आत नेऊन लावते. घरच्या संगणकात फुरसतच फुरसत असते, म्हणून तिथे ही डिस्क उत्तम. रीबिल्डमध्ये मात्र चार टीबी न थांबता लिहायचे असतात. तो छोटा पट्टा भरला की प्रत्येक लिखाणामागे आतली कौलं उचलण्याचं काम सुरू होतं, वेग कोसळतो, डिस्क आत गुंतून पडते आणि बाहेरच्या हाकेला ओ देत नाही. कंट्रोलरला वाटतं, ती मेली.

हे फक्त अडाण्यांच्या बाबतीत घडतं असं समजू नका. वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपनीची ‘डब्ल्यूडी रेड’ (इथे रेड म्हणजे लाल) ही मालिका खास नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवर जोडलेल्या सामायिक स्टोरेजसाठी, म्हणून विकली जात होती. 2020 च्या एप्रिलमध्ये उघड झालं, की तिच्यातल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत आणि कंपनीने तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. झेडएफएस या प्रणालीवर स्टोरेज चालवणाऱ्यांचं रीबिल्ड अडकत होतं, आणि काय चुकतंय ते त्यांना कळत नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने कोणत्या मॉडेलमध्ये काय आहे त्याची यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. खोक्यावर ‘नॅस’ हा शब्द असूनही हे झालं. मग ज्या खोक्यावर तोही शब्द नाही त्याच्याकडून काय अपेक्षा धरायची?

दुसरा फरक याहून बारीक आहे. डिस्कवरची एखादी जागा नीट वाचता येईनाशी झाली, तर घरगुती डिस्क तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. तिचं बरोबरच आहे. त्या घरात तो डेटा दुसरीकडे कुठेही नाही असं धरूनच ती बनवलेली आहे. स्टोरेजसाठीची डिस्क साधारण 7 सेकंदांत हात टेकते आणि ‘मला वाचता येत नाही’ असं सांगून मोकळी होते, कारण तोच डेटा बाकीच्या डिस्कवरून काढता येतो हे गृहीत असतं. कंट्रोलरची सहनशक्ती याच हिशेबाने ठरवलेली असते. त्यात घरगुती डिस्क बसवली, की एका खराब जागेपायी अख्खी चांगली डिस्क बाद होते. पुष्कळ घरगुती डिस्कमध्ये ही मुदत बदलण्याची सोयसुद्धा नसते.

बाकीचे फरक थोडक्यात सांगते. एका पेटीत आठ-बारा डिस्क फिरतात तेव्हा एकीची थरथर दुसरीला जाणवते. सर्व्हरसाठीच्या डिस्कमध्ये ती ओळखून वाचणारं-लिहिणारं डोकं सावरणारे सेन्सर असतात. काही कंपन्यांच्या स्टोरेजमध्ये सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सर्वांत छोटा कप्पा, 512 बाइटचा नसून 520 बाइटचा असतो, जादा 8 बाइट पडताळणीसाठी. त्यात बाजारातली साधी डिस्क बसली तरी ओळखली जात नाही. नव्या काही साटा (नेहमीच्या जोडणीच्या) डिस्कमध्ये वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट मिळाले की डिस्क बंदच राहते. जुन्या पेटीत ती घातली तर फिरतसुद्धा नाही, आणि मग कुणीतरी त्या पिनवर वीज अडवणारी पिवळी कॅप्टॉन टेप चिकटवतो. घरी हे चालेल. ज्या पेटीत हजारो रुग्णांचे सीटी आहेत तिथे ते कुणी करू नये.

आणि फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना एक तातडीची सूचना पाठवली, की आमच्या काही सॅस एसएसडी, म्हणजे सर्व्हरसाठीच्या, चकती नसलेल्या डिस्क, 32,768 तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस आणि 8 तास. बंद पडल्यावर डिस्कही परत मिळणार नाही आणि तिच्यातला डेटाही. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या एसएसडी जवळजवळ एकाच वेळी जाणार, त्यामुळे रेडचाही उपयोग नाही. 2020 च्या मार्चमध्ये असाच दोष 40,000 तासांवर दुसऱ्या काही एसएसडीत निघाला. आमच्या कार्यालयात ही बातमी कुणीतरी ‘बघा, कंपनीच्या डिस्कही जातात’ म्हणून मला दाखवली होती. जातात, यात वाद नाही. पण ती बातमी पुढे वाचायला हवी: ज्यांच्याकडे त्या डिस्क नोंदलेल्या होत्या त्यांना सूचना मिळाली, नवं फर्मवेअर मिळालं, आणि ज्यांनी ते वेळेत चढवलं त्यांचा डेटा वाचला. बाजारातून एकेक करून आणलेल्या डिस्कबद्दल आपल्याला कोण पत्र पाठवणार? माझ्या मते प्रमाणित डिस्कच्या दरात खरी किंमत या पत्राची असते. लेबलाची नसते.

म्हणून मी कंपन्यांची बाजू घेते आहे असं मात्र नाही. पाचपट दर हा अभियांत्रिकीचा दर नाही, हे मला दिसतं. प्रमाणित यादी पुष्कळदा तांत्रिक गरजेपलीकडे जाते आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी वापरली जाते. डेलने 2010 च्या सुमारास एच700 आणि एच800 या कंट्रोलरवर इतर कुणाच्या डिस्क चालूच नयेत अशी अडवणूक केली होती. ग्राहक इतके चिडले की त्याच वर्षी फर्मवेअर बदलून ती काढावी लागली. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने 2025 च्या एप्रिलमध्ये नव्या प्लस मालिकेसाठी आपल्या किंवा आपण प्रमाणित केलेल्याच डिस्कचं बंधन जाहीर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम 7.3 ही आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती आणताना त्या मालिकेत इतरांच्या हार्ड डिस्क पुन्हा चालू केल्या. जे बंधन सहा महिन्यांत काढता येतं ते डेटाच्या सुरक्षेसाठी अपरिहार्य होतं असं कुणी मला सांगू नये. तेव्हा आपला राग योग्य आहे. पण ‘कंपन्या लुटतात’ यावरून ‘सगळ्या डिस्क सारख्याच’ या निष्कर्षावर उडी मारली जाते आणि त्यात आपलं नुकसान होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात: दर अवाजवी आहे, आणि तरीही ती स्वस्त डिस्क या कामाची नाही.

आमच्या समितीतल्या एका सदस्यांनी मला विचारलं होतं, की रेड (RAID) या नावातल्या ‘आय’चा मूळ अर्थच ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे ‘स्वस्त’, आहे ना? त्यांचं वाचन चांगलं आहे आणि प्रश्न रास्त होता. 1988 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली तेव्हा खरोखरच तो शब्द ‘स्वस्त’ असा होता. ‘इंडिपेंडंट’, म्हणजे ‘स्वतंत्र’, हा अर्थ नंतर रुळला. पण त्यांची तुलना मोठ्या संगणकांच्या आयबीएम 3380 सारख्या अवाढव्य डिस्कशी होती. वैयक्तिक संगणकाच्या छोट्या डिस्क पुष्कळ एकत्र केल्या तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न. आणि त्याच लेखात त्यांनी इशारा देऊन ठेवला आहे: एक डिस्क सरासरी 30,000 तास टिकत असेल तर अशा 100 डिस्कच्या संचात पहिली डिस्क जायला 300 तास पुरतात, दोन आठवड्यांहूनही कमी. हा धोका सावरायला जादा डिस्क लागतात, आणि त्यांच्या सूत्रात दुरुस्तीला लागणारा वेळ हा कळीचा घटक आहे. बिघडलेली डिस्क जितक्या लवकर भरून निघेल तितका संच सुरक्षित. आमचं रीबिल्ड पंधरा तासांवरून आठवड्यावर गेलं तेव्हा स्वस्त डिस्कने याच वेळेवर घाला घातला होता.

एक हिशेब आपल्यासाठी मांडते. पुष्कळ घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, की 10 चा 14 वा घात इतके बिट वाचताना फार तर एकदा न वाचता येणारी जागा लागेल. हे साधारण 12.5 टीबी होतात. आठ डिस्कच्या आमच्या संचात एक डिस्क भरून काढायला बाकीच्या सात पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे 28 टीबी. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, कारण ती कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे. पण रेड-5 मध्ये रीबिल्ड चालू असताना सावरायला दुसरं काहीच उरलेलं नसतं, आणि एकाच दिवशी घेतलेल्या डिस्क एकाच वेळी म्हाताऱ्या झालेल्या असतात. म्हणून मोठ्या डिस्कसाठी मी आता रेड-6 शिवाय, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचेल अशा रचनेशिवाय, दुसऱ्या कशावरही सही करत नाही. त्यात आणखी एका डिस्कची जागा जाते, ती जाऊ द्यावी.

मग प्रमाणित यादीबाहेरची डिस्क कधीच घेऊ नये का? घ्यावी लागते. स्टोरेज आठ वर्षांचं झालं, कंपनीने हात वर केले, प्रमाणित डिस्क बनायची बंद झाली, आणि नव्या स्टोरेजला अजून दोन वर्षं पैसे नाहीत, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. यादीबाहेरची चांगली डिस्क शोधून जुनं यंत्र चालू ठेवणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते मी आनंदाने करते. माझं म्हणणं एवढंच, की अशा वेळी मागणीपत्रातली ओळ बदलायला हवी. आमच्याकडे आता ती अशी असते: ‘सर्व्हर किंवा नॅस वर्गाची 3.5 इंची साटा हार्ड डिस्क, 4 टीबी, सीएमआर, मिनिटाला 7,200 फेरे, सेक्टर 512 बाइट किंवा 512ई, किमान 7,81,40,37,168 सेक्टर, चूक-मुदत बदलता येणारी, उत्पादकाची 5 वर्षांची वॉरंटी भारतात लागू. मॉडेल क्रमांक कोटेशनमध्ये लिहिणं बंधनकारक. सोबत जोडलेल्या तीन मॉडेलपैकीच एक.’ सेक्टरचा तो लांबलचक आकडा मुद्दाम दिला आहे. नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरने जरी लहान निघाली तरी स्टोरेज ती नाकारू शकतं. ओळ लांब झाली म्हणून स्पर्धा संपत नाही. तिन्ही विक्रेते दर देतात, फक्त आता ते एकाच वस्तूचे दर असतात, आणि सर्वांत कमी दरावर सही करायला मग माझी काहीच हरकत नाही.

मॉडेल बरोबर असलं तरी डिस्क नवी आहे का, हे बघावं लागतं. 2025 च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइझे या प्रकाशनाने उघडकीला आणलं, की सीगेटच्या सर्व्हर डिस्क नव्या म्हणून विकल्या जात आहेत आणि त्या प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या आहेत. चिया या आभासी चलनाच्या खाणकामात वापरून झालेला हा माल असावा असा संशय होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते तिच्यातले तास शून्यावर आणलेले होते, म्हणून नेहमीच्या तपासणीत काही दिसत नव्हतं. ‘फार्म’ या आतल्या नोंदीत खरे तास सापडले. आपण हा माल विक्रेत्यांना दिलेला नाही, असं सीगेटने सांगितलं. तेव्हापासून सीगेटची डिस्क आली की मी स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरमधून दोन्ही नोंदी काढून एकमेकींशी ताडते, अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी बघते, आणि मगच साहित्य स्वीकारल्याची सही करते. त्यानंतर पूर्ण लिहून-वाचून चाचणी, त्यात दोन दिवस जातात. लॅमिंग्टन रोडवरचे जे दुकानदार वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे धंदा करतात त्यांना या तपासणीचं काही वाटत नाही. एकाने तर माझ्याकडून या तपासणीची यादी मागून घेतली.

हे दोन दिवस कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. केशरी दिवा लागल्यावर दोन दिवस नसतात. आणि इथेच मला आपल्याकडून खरी मदत हवी आहे.

डिस्क कोणती घ्यायची हे तिचा दिवा लागतो त्या दिवशी ठरवायचंच नसतं. ते स्टोरेज विकत घेतो त्या दिवशी ठरतं. निविदेच्या दिवशी तीन कंपन्या आपल्या दाराशी उभ्या असतात आणि प्रत्येकीला ऑर्डर हवी असते. त्या दिवशी ‘बारा डिस्कमागे दोन जादा डिस्क, त्याच यादीतल्या, सीलबंद’ असं निविदेत लिहिलं तर त्यांचा दर रास्त पडतो. ‘पुढची पाच वर्षं बदली डिस्कचा दर अमुक’ हे कलम घातलं तर तेही मान्य होतं. आमच्या गेल्या निविदेत झालं. पाच वर्षांनी दिवा लागतो तेव्हा दाराशी एकच कंपनी असते आणि तिला आपली घाई माहीत असते. आमच्या 46,000 आणि 9,200 च्या पेचात चूक त्या शुक्रवारची नव्हती. ती सहा वर्षांपूर्वीच्या निविदेची होती, जिथे स्पेअरची ओळ ‘अनावश्यक’ म्हणून खोडली गेली होती. तो कागद मी फायलीतून काढून पाहिला आहे. खोडणाऱ्यांनीही पैसे वाचवण्याच्याच हेतूने खोडलं होतं.

एक जादा डिस्क पेटीतच बसवलेली असावी, म्हणजे रात्री दोन वाजता दिवा लागला तरी रीबिल्ड आपोआप सुरू होतं आणि सकाळी मला फोन येतो. दुसरी कपाटात असावी, पण तिथे सहा-सहा वर्षं पडून राहू नये. दर सहा महिन्यांनी काढून तपासावी.

याच निविदेत आणखी एक कलम हवं: बिघडलेली डिस्क आपल्याकडेच राहील. आज वॉरंटीत जुनी डिस्क परत दिली तरच नवी मिळते, आणि बाजारातले विक्रेतेही ‘जुनी द्या, थोडं कमी करतो’ म्हणतात. कंट्रोलरने बाद ठरवलेली डिस्क पुष्कळदा वाचता येते. आमच्या सहा नंबरच्या डिस्कवर रुग्णांची नावं आणि प्रतिमांचे तुकडे मी स्वतः पाहिले. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. कायदा नसता तरी कुणाच्या आजाराची माहिती भंगारात किंवा दुसऱ्याच्या दुकानात जाऊ देणं मला पटलं नसतं. डिस्क ठेवून घेण्याची सोय बऱ्याच कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन देतात. ते पैसे मंजूर करा.

आणि शेवटचं, जे लिहायला मला सर्वांत जड जातं. त्या शनिवारी ‘ही डिस्क या कामाची नाही’ असं लेखी म्हणण्याची जागा मला असती तर मी कदाचित ते बटण दाबलं नसतं. तोंडी मी बोलले होते. पण ऑर्डर गेलेली, साहित्य आलेलं, आणखी एक डिस्क गेली तर पॅक्स जाणार अशी स्थिती, आणि डॉक्टर विचारत होते की कधी होणार. अशा वेळी नाही म्हणणं माझ्यासारख्या कर्मचाऱ्याला फार अवघड असतं. तुलनात्मक तक्त्यावर दर, कर आणि एकूण रक्कम असे रकाने असतात. त्यांच्या शेजारी ‘तांत्रिकदृष्ट्या योग्य / अयोग्य, कारण’ असा एक रकाना घाला आणि तो भरल्याशिवाय दर उघडू नका. जे यंत्र सांभाळतात त्यांना तिथे सही करू द्या. चुकीचं कारण लिहिलं तर त्यांना जाब विचारा. माझी तयारी आहे.

बहुतेक संस्थांची अंदाजपत्रकं फेब्रुवारी-मार्चमध्ये बसतात. आपापल्या संस्थेत जे कुणी सर्व्हर बघतात त्यांना त्याआधी एकदा बैठकीला बोलवा आणि तीन गोष्टी विचारा: स्टोरेजमध्ये किती डिस्क आहेत आणि त्या किती तास चालल्या आहेत, स्पेअर कुठे आहे, आणि शेवटचा बॅकअप परत उतरवून कधी पाहिला. आमच्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो त्या चौदा दिवसांनंतर. आपल्याकडे तो येत्या बैठकीत विचारला जावा, अशी कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एका धर्मादाय रुग्णालयाच्या सर्व्हर रूमची जबाबदारी असलेली कर्मचारी